हरण्यासाठी मांडलेला डाव

पडद्याच्या तळाशी सहा शहरे असतात. शहरे म्हणायचे ते आपण. प्रत्यक्षात ते काही ओबडधोबड ठिपके. त्यांच्या मधोमध क्षेपणास्त्रांचा एक तळ आणि वर आकाश. खेळ सुरू झाला की त्या आकाशातून बारीक रेघा तिरप्या उतरू लागतात. एकेका रेघेच्या टोकाला एकेक अस्त्र, आणि प्रत्येक रेघ कोणत्या ना कोणत्या शहराकडे किंवा तळाकडे निघालेली. आपल्या हातात एक दांडी आणि एक लाल बटण. दांडीने पडद्यावरची खूण हलवायची आणि बटण दाबायचे. तळावरून आपले अस्त्र त्या खुणेपाशी जाऊन फुटते, त्याचा ढग क्षणभर फुलतो, आणि त्या ढगात जी रेघ शिरेल ती तिथेच संपते. नेम रेघेवर धरून चालत नाही. रेघ थोड्या वेळाने जिथे येणार आहे तिथे तो धरावा लागतो. एका फेरीला अस्त्रे तीस. फेरीमागून फेरी जाते तशा रेघा अधिक वेगाने येतात. आज एक शहर जाते, पुढच्या फेरीत दुसरे. सहावे गेले की खेळ आटोपला.

या खेळाचे नाव 'मिसाइल कमांड'. घरच्या टीव्हीला जोडायच्या अटारी कंपनीच्या यंत्रासाठी तो १९८१ साली निघाला. मी तो पाहिला १९८५ च्या मे महिन्यात, वास्कोला मावशीच्या घरी. मावशीचे यजमान बोटीवर नोकरीला होते. परदेशातून येताना ते साबण, अत्तर, टॉर्च असे काही ना काही आणीत. त्या खेपेला हे यंत्र आणले होते. मी बेळगावहून सुट्टीला गेलेला, दहावीची परीक्षा नुकतीच दिलेला मुलगा. मावसभाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण त्या दांडीवर त्याचा हात बसलेला होता. मी पहिल्या दिवशी हरलो, दुसऱ्या दिवशी हरलो, आणि चौथ्या दिवशी त्याला विचारले, "जिंकल्यावर काय दिसतं रे?"

"जिंकत नाही कोण. पप्पासुद्धा जिंकले नाहीत."

"मग खेळायचं कशाला?"

त्याने माझ्याकडे नुसते पाहिले आणि म्हणाला, "तुझी पाळी संपली. दे इकडे."

या गोष्टीला चाळीस वर्षे झाली. गेल्या उन्हाळ्यात भाच्याने तोच जुना खेळ त्याच्या संगणकावर चालवून दाखवला, तेव्हा ध्यानात आले की तो प्रश्न माझ्यापाशी तसाच पडून आहे. जो डाव जिंकण्याची सोयच ठेवलेली नाही, तो मन लावून खेळण्यात शहाणपण आहे की नाही? आणि त्याच्या पोटात दुसरा, अधिक अवघड प्रश्न आहे, तो मला खूप नंतर कळला. त्याकडे येतोच.

आधी खेळाची हकीकत सांगतो, कारण ती सांगण्यासारखी आहे. मूळ खेळ घरचा नव्हे. नाणे टाकून खेळायच्या उभ्या यंत्रासाठी तो अटारी कंपनीत कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे तयार झाला आणि १९८० साली बाजारात आला. त्याचा मुख्य कर्ता डेव्ह थ्यूरर. मूळ यंत्रात तळ तीन, प्रत्येकी दहा अस्त्रांचे, आणि दांडीऐवजी तळहाताने फिरवायचा एक जड गोळा होता. हे सगळे घरच्या यंत्रात कसे बसवायचे हा पेच रॉब फुलॉप या तरुण प्रोग्रामरने सोडवला. घरच्या यंत्राची काम करण्याची स्मृती होती १२८ बाइट, आणि खेळाच्या कार्ट्रिजमध्ये जागा ४ किलोबाइट. हा लेखसुद्धा तेवढ्यात मावणार नाही. फुलॉपने तीन तळांचा एक केला, तीस अस्त्रांच्या दहा-दहाच्या तीन तुकड्या पाडल्या, आणि सहा शहरे मात्र सहाच ठेवली. कार्ट्रिजच्या पंचवीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्या काळी कंपनी प्रोग्रामरचे नाव छापत नसे, म्हणून फुलॉपने आपली आद्याक्षरे खेळातच लपवली. ती पाहायची तर तेराव्या क्रमांकाचा प्रकार निवडायचा, सगळी अस्त्रे वाया घालवायची, एकही गुण मिळवायचा नाही आणि सहाही शहरे मरू द्यायची. मग एका शहराच्या जागी दोन अक्षरे उमटतात. कर्त्याची सही पाहायला एवढी किंमत मोजावी लागणारी दुसरी कलाकृती मला आठवत नाही.

थ्यूररची गोष्ट मात्र विनोदाची नाही. त्याने आरंभी ही सहा शहरे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची धरली होती. सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो ही त्यांतली काही. तो राहत होता त्याच मुलखात. रात्रंदिवस त्या रेघा पाहून त्याला स्वप्ने पडू लागली. आकाशातून अस्त्रांचे धूर उतरताना दिसत, आणि तो घाबरून जागा होई. ही स्वप्ने बराच काळ त्याचा पिच्छा सोडीत नव्हती असे त्याने पुढे सांगितले आहे. शहरांची नावे शेवटी खेळातून काढून टाकली गेली. घरच्या आवृत्तीच्या पुस्तिकेत तर सगळे प्रकरण दुसऱ्याच ग्रहावर नेऊन ठेवले: झार्डन नावाचा ग्रह, आणि त्याच्यावर क्रिटॉलवाल्यांचा हल्ला. ज्याला स्वप्ने पडली तो कॅलिफोर्नियात घामाघूम, आणि दिवाणखान्यातली मुले झार्डन वाचवताहेत. शहराचे नाव काढून घेतले की ते मरायला सोपे होते, हे त्या पुस्तिका लिहिणाऱ्यांना ठाऊक असावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी. त्या काळातले बहुतेक खेळ समोरच्याला मारण्याचे होते. १९७८ सालच्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या जपानी खेळापासून ती लाटच आली होती. 'मिसाइल कमांड'मध्ये मात्र शत्रूचा मुलूख पडद्यावर नाहीच. उलटून मारा करायचे बटण नाही. रोखायचे, एवढेच. आणि खेळ संपतो तेव्हा नाण्याच्या यंत्रावर नेहमीचे 'गेम ओव्हर' उमटत नाही. पडदाभर स्फोट पसरतो आणि त्यात 'द एंड' ही अक्षरे येतात. खेळ संपला असे नव्हे, तर संपले असे. अणुयुद्धात विजयी कोणी नसतो हे ज्याला सांगायचे होते, त्याने ते दोन शब्दांत सांगितले.

आता कोणी म्हणेल, बचावच करायचा आहे ना, मग यात नीतीचा प्रश्न कुठे आला? हल्ला पाप, बचाव पुण्य. मलाही बरीच वर्षे तसेच वाटे. पण बचाव इतका निरागस नसतो. १९७२ च्या मे महिन्यात निक्सन आणि ब्रेझनेव्ह यांनी मॉस्कोत एका करारावर सही केली. तो करार मारा करणाऱ्या अस्त्रांवर नव्हता, मारा रोखणाऱ्या अस्त्रांवर होता. प्रत्येकाने असे फक्त दोन तळ ठेवायचे. १९७४ साली दोनाचा एक केला. कारण असे की ज्याच्याकडे अभेद्य ढाल आली त्याला तलवार उपसण्याची भीती उरत नाही, आणि समोरचा मग ढाल फोडण्यासाठी आणखी शंभर तलवारी घडवतो. दोन्हीकडची शहरे उघडी राहावीत, हीच शांततेची हमी धरली गेली. अमेरिकेने आपला नॉर्थ डाकोटातला एकुलता एक तळ १९७६ मध्ये, काही महिने चालवून, बंद केला. मग १९८३ च्या ८ मार्चला अध्यक्ष रेगन यांनी फ्लोरिडातील एप्कॉट सेंटरमध्ये मुलांपुढे बोलताना व्हिडिओ खेळांची तारीफ केली: या मुलांचा हात, डोळा आणि मेंदू असा तयार होतो की उद्या ती विमानदलात उत्तम वैमानिक होतील. त्यानंतर पंधराच दिवसांनी, २३ मार्चला, त्यांनी दूरदर्शनवरून आकाशातल्या ढालीची योजना जाहीर केली, जिला टीकाकारांनी 'स्टार वॉर्स' हे नाव चिकटवले. १९७२ चा तो करार अमेरिकेने २००२ साली सोडला. बचावाच्या पुण्याईचा हिशेब इतका सरळ नाही, एवढेच मला यातून सांगायचे आहे.

पण मुळातला प्रश्न मावसभावाचा. जिंकत नाही कोण, तर खेळायचे कशाला?

निष्णात खेळाडू या खेळात तासन्तास टिकतात, हे खरे. पण विजयाचा दरवाजा त्यांनाही नाही. आपल्याकडे असा प्रश्न आला की कोणीतरी गीतेकडे बोट दाखवतोच, आणि मीही वर्गात दाखवलेले आहे. फळाकडे डोळा न ठेवता कर्म करावे. टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिले, त्यात संन्यासाच्या बाजूने लावलेला अर्थ बाजूला सारून कर्मयोगाचा अर्थ लावला. (याच टिळकांनी होमरूल लीगची स्थापना १९१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या बेळगावात केली, याचा आम्हाला अजून अभिमान आहे.) पण आज मला वाटते, या खेळाला ते उत्तर नीट लागू पडत नाही. फळ आपल्या हाती नसणे वेगळे आणि अपयश ठरलेलेच असणे वेगळे. अर्जुनाला युद्ध हरणारच असे कोणी सांगितले नव्हते.

मग पावनखिंड? बाजीप्रभूंना स्वतःच्या मरणाविषयी शंका नसावी. पण १६६० सालच्या त्या दिवशी खिंड लढवली गेली ती खिंडीसाठी नव्हे. विशाळगडाकडे कोणीतरी चालले होते आणि तिथून तोफा ऐकू यायच्या होत्या. हरण्याला पलीकडे एक टोक होते. या खेळात विशाळगड नाही. सहाव्या शहरानंतर पडद्यावर काहीच नाही.

वैद्याचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. वैद्याचे सगळेच रोगी शेवटी मरतात, म्हणून वैद्यकी व्यर्थ ठरत नाही. कारण वैद्याने मिळवून दिलेल्या पाच वर्षांत रोगी जेवतो, भांडतो, मुलीचे लग्न करतो, भात लावतो. मधला काळ कोणीतरी जगते. म्हणजे ठरलेल्या पराभवाविरुद्ध केलेल्या बचावाला अर्थ असतो की नाही, हे पराभवावरून ठरत नाही. ज्याचे रक्षण केले त्यात मधल्या काळात कोणी राहते का, यावरून ठरते. आमच्या सीमाभागात मराठी माध्यमाच्या शाळेच्या मुख्याध्यापकाला हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. दर जूनमध्ये मी पट मोजतो आणि गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहतो. ही रेघ कुठे जाऊन टेकणार याचा अंदाज करायला गणिताचा शिक्षक लागत नाही. पण सकाळी घंटा होते तेव्हा वर्गात मुले असतात, आणि त्या दिवशीची त्यांची कविता त्या दिवशीच शिकवायची असते.

खेळातल्या शहरात कोणी राहत नाही. दहा फेऱ्या टिकलेल्या शहरात त्या दहा फेऱ्यांत काहीच घडत नाही. ती रिकामी जागा खेळ गुणांनी भरतो. नाण्याच्या यंत्रात फेरी संपली की हिशेब होतो: न वापरलेल्या प्रत्येक अस्त्राला पाच गुण आणि वाचलेल्या प्रत्येक शहराला शंभर. म्हणजे एक शहर बरोबर वीस अस्त्रे. ठरावीक गुण झाले की एक शहर बक्षीस मिळते, गेलेल्याच्या जागी नवे. हिशेब एका नाण्यात आला की माणूस हिशेबीपणे वागू लागतो. नवखा खेळाडू सहाही शहरांवर धावतो आणि लवकर संपतो. मुरलेला खेळाडू मनाशी ठरवतो की ही दोन-तीन शहरे राखायची, बाकीची सोडायची. सोडलेल्या शहराकडे उतरणाऱ्या रेघेकडे तो पाहतही नाही. पाहिले तर हात चुकतो. मावसभावाने मला हीच विद्या शिकवली होती. कोपऱ्यातल्या शहराकडे बोट करून तो म्हणाला होता, "ते गेलं असं समज."

हा तो दुसरा प्रश्न.

आता जे सांगतो ते खेळातले नाही. २००६-०७ साली मी दुसऱ्या एका शाळेत सहशिक्षक होतो. दहावीच्या वर्गात अठ्ठेचाळीस मुले. एस.एस.एल.सी.ला आठ आठवडे उरलेले, आणि आदल्या वर्षीचा निकाल मान खाली घालायला लावणारा. जादा तास घेऊ शकणारे आम्ही दोघेच शिक्षक. सराव परीक्षेचे गुण पुढ्यात घेऊन एका संध्याकाळी मी यादी केली. ती मला कोणी करायला सांगितली नव्हती. तीन रकाने. 'अ' म्हणजे हमखास पास होणारे, ते एकोणीस. 'ब' म्हणजे ओढले तर निघतील असे, ते अठरा. 'क' म्हणजे उरलेले अकरा. जादा तास 'ब'साठी. यात मी काही नवे केले असे नाही. पुष्कळ शाळांतून ही यादी होते, फक्त तिला यादी म्हणत नाहीत. आणि तिच्या मागचा विचारही खोटा नव्हता. दोन शिक्षक, आठ आठवडे. सगळ्यांवर सारखे पसरले असते तर 'ब'मधलेही बुडाले असते.

'क'मधला एक मुलगा एके दिवशी स्टाफरूमच्या दारात आला. "सर, जादा तासाला मी बसू काय?" मी म्हणालो, "तू घरीच अभ्यास कर, बाळ. तुला घरी बरं पडेल." त्याच्या घरी अभ्यासाला जागा नव्हती हे मला माहीत होते. तो "बरं सर" म्हणून गेला. पण तो घरी जात नसे. त्याच्या गल्लीतला त्याचा मित्र 'ब'मध्ये होता आणि दोघे मिळून चार किलोमीटर चालत जात. म्हणून आठही आठवडे, रोज संध्याकाळी, माझा तास संपेपर्यंत तो व्हरांड्याच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसे. माझ्या फळ्यापासून दहा पावलांवर. आत शेवटचे दोन बाक रिकामे होते.

हे मला त्या वेळी खटकले नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. निकाल लागला. 'अ' सगळे निघाले, 'ब'मधले चौदा निघाले. अभिनंदनाच्या सभेत मला शाल मिळाली. तो मुलगा नापास झाला आणि पुढे उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला लागला असे कळले. नापास झाला ते माझ्यामुळे, असे मी म्हणत नाही. कदाचित आत बसूनही झाला असता. पण माझी चूक कोणती, हे मी अनेक वर्षे चुकीच्या जागी शोधत होतो. निवड केली ही चूक, असे मला वाटे. मग वाटे, निवड टाळता येतच नव्हती. गेल्या उन्हाळ्यात भाच्याच्या संगणकावर तीस अस्त्रे मोजून पाहिली तेव्हा उलगडा झाला. खेळात एका शहराकडे सोडलेले अस्त्र दुसऱ्यासाठी उरत नाही. माझ्या तासाला असे नव्हते. तो आत येऊन बसला असता तर 'ब'मधल्या कोणाचे काही कमी होणार नव्हते. फार तर त्याच्या एखाद्या अडाणी शंकेने तास दोन मिनिटे लांबला असता. शिकवणे मी अस्त्रांसारखे मोजले, आणि मग जिथे टंचाई नव्हती तिथेही काटकसर केली. एकदा ते शहर गेले असे समजल्यावर मी तिकडे पाहणेच सोडले होते. पायरीवर बसलेला मुलगा मला रोज दिसत होता, पण रेघ दिसावी तसा.

आणि यादीविषयी आणखी एक. 'क'मधल्या अकरांपैकी तिघे पास झाले. कोणाच्याही मदतीशिवाय. त्यांच्याविषयीचे माझे भाकीत साफ खोटे होते. मग उरलेल्या आठांविषयीचे खरे होते, हे मी कशाच्या जोरावर म्हणू?

इथे मला एक रात्र आठवते. २६ सप्टेंबर १९८३. मॉस्कोजवळच्या सेर्पुखोव्ह-१५ या ठिकाणी सोव्हिएत लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह पाळीवर होता. मध्यरात्र उलटल्यावर उपग्रहांच्या यंत्रणेने इशारा दिला की अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटले आहे. थोड्याच वेळात आणखी चार, एकूण पाच. दिवस फार वाईट होते. १ सप्टेंबरलाच सोव्हिएत लढाऊ विमानाने वाट चुकलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडले होते आणि त्यातली २६९ माणसे मेली होती. तिथेही कोणीतरी पडद्यावरचा ठिपका पाहिला होता आणि तो शत्रूचा आहे असे धरले होते. पेत्रोव्हचे काम वरिष्ठांना हल्ल्याची वर्दी देणे. त्याने विचार केला: कोणी युद्ध सुरू करील तर पाच अस्त्रांनी करील काय? जमिनीवरच्या रडारला अजून काही दिसत नाही. यंत्रणा नवी, तिच्यावर पुरता विश्वास नाही. त्याने यंत्रणेतला बिघाड अशी वर्दी दिली आणि वाट पाहिली. काही आले नाही. उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाला उपग्रहाने अस्त्रे समजले होते. पुढे त्याला बक्षीस मिळाले नाही. त्या रात्रीची नोंदवही नीट भरली नाही म्हणून बोलणी मात्र खावी लागली. तो २०१७ च्या मे महिन्यात वारला.

'मिसाइल कमांड'मध्ये खोटी रेघ कधीच येत नाही. पडद्यावर जे दिसते ते खरेच अस्त्र असते आणि त्यावर बटण दाबणे हेच कर्तव्य. थ्यूररने एवढा प्रामाणिक खेळ रचला, स्वप्नांची किंमत दिली, उलटून मारण्याचे बटण काढून टाकले. पण ही एक गोष्ट त्याच्या खेळात नाही, आणि कदाचित कोणत्याच नेमबाजीच्या खेळात येऊ शकणार नाही. रेघेविषयी शंका घेण्याला गुण कसे देणार? पेत्रोव्हच्या त्या काही मिनिटांत पडद्यावर करण्यासारखे काही नव्हते. लहान मुलाला तो खेळ दाखवला तर ते म्हणेल, हा माणूस नुसता बसला आहे.

माझी यादी हाही एक पडदाच होता. सराव परीक्षेच्या गुणांवरून मी अकरा रेघा ओढल्या आणि त्या कुठे टेकणार हे ठरवून मोकळा झालो. तीन खोट्या निघाल्या तेव्हा मला आनंद झाला, टक्केवारी वाढली म्हणून. भाकीत चुकले याचा जो अर्थ होतो तो मी त्या वेळी लावला नाही.

मावसभाऊ आता मडगावला असतो. त्याला मी फोनवर हे सगळे सांगितले तेव्हा तो हसला. म्हणाला, "तू तेव्हापण असाच होतास. कोपऱ्यातलं शहर सोड म्हटलं तर सोडायचा नाहीस, म्हणून लवकर हरायचास." मला हे अजिबात आठवत नाही. माझी आठवण उलटी आहे. त्याने सांगितल्या क्षणापासून मी ते शहर सोडून देत आलो, असे मला वाटते. दोघांपैकी कोणाची आठवण खरी हे आता ठरवता येणार नाही.

दसऱ्याच्या सुट्टीआधी सहामाहीचे गुण आले. आमचे गणिताचे शिक्षक तरुण आहेत, मनापासून काम करणारे आहेत. त्यांनी दहावीचा तक्ता संगणकावर करून आणला. तीन रंग: हिरवा, पिवळा, तांबडा. तांबड्यात सात नावे. मी त्यांना पायरीवरच्या मुलाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "सर, ते बरोबर आहे. पण मी एकटा आहे. मग सुरुवात कोणापासून करू?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. बाक किती आहेत ते आधी मोजा, असे काहीतरी मी म्हणालो. ते गेल्यावर तक्ता टेबलावर राहिला. तांबड्यातल्या सातांपैकी दोघे सुट्टीत दिवाळीच्या कामाला लागतात, एक फटाक्यांच्या स्टॉलवर आणि एक बेकरीत, हे मला शिपायाने सांगितले. तक्त्यात ते नव्हते. जादा तास सोमवारपासून साडेचारला आहेत. पहिला मी घेणार आहे, आणि दार उघडे ठेवायला सांगितले आहे.